धाकटीच्या उजव्या कानात

मी, खाली सही करणारी, धंदा पूर्वी झाडांची साल काढण्याची मजुरी आणि आता खाटेवर पडून राहणे, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने सांगून लिहवून घेत आहे. माझं नाव, वय आणि पत्ता वकीलबाईंनी वर भरला आहे. त्या नावाने मला आमच्या घरांच्या ओळीत कुणी ओळखणार नाही. मला सगळे मोठी म्हणतात आणि भिंतीपलीकडच्या माझ्या जावेला धाकटी. ह्या कागदातही आम्ही तशाच राहू.

माझं डोकं ठिकाणावर आहे. दवाखान्याच्या नर्सबाईंनी आजचा वार, मुलाचा धंदा आणि सुनेचं माहेर विचारून तशी खात्री करून घेतली. मी त्यांना उलट विचारलं की, तुमच्या पिशवीची तुटलेली चेन कधी बसवणार. त्यावर त्यांनी माझ्या शुद्धीबद्दल काही शंका घेतली नाही. छाती मात्र कामातून गेली आहे. दोन वाक्यं झाली की थांबावं लागतं, तेवढ्यात वकीलबाई आधीचं वाचून दाखवतात. त्यांनी पहिल्या पानावर चार ठिकाणी 'सदरहू' घातलं होतं. मी ते काढायला लावलं. जे मी जन्मात बोलले नाही ते मेल्यावर माझ्या तोंडी नको.

हा कागद आमच्या इथल्या कागदाच्या गिरणीचा की दुसरीकडचा, ते मला सांगता येत नाही. लाकूड असतं तर वासावरून सांगितलं असतं.

कलम १. घर.

माझ्या मालकीचं एक घर आहे. कागदाच्या गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून जी ओळ आहे, तिच्यातलं शेवटून दुसरं. दारं दोन, खोल्या चार, मध्ये फळ्यांची भिंत, आणि बाहेर दोन्ही दारांच्या मधोमध एक नळ. अलीकडच्या दोन खोल्यांत मी, मुलगा आणि सून. पलीकडच्या दोन खोल्यांत धाकटी एकटी.

घर सासऱ्यांनी बांधलं. दोन मुलगे म्हणून दोन दारं ठेवली, पण कागद करायची वेळ आली तेव्हा धाकटा मुलगा, म्हणजे माझे दीर, कामाच्या शोधात म्हणून बाहेर पडले होते. सासरे म्हणाले, तो आला की त्याचं नाव लावू. दीर आले नाहीत आणि नाव लागलं नाही. बायको मात्र इथेच राहिली, मूलबाळ नाही, माहेरचं कुणी उरलं नाही. माझ्या मालकांच्या मागे सगळं घर माझ्या नावावर झालं. म्हणजे धाकटी ज्या खोल्यांत लग्न होऊन आली आणि म्हातारी झाली, त्या कागदाप्रमाणे माझ्या आहेत.

आता गिरणीला आमची ओळ हवी आहे. लाकडाचं आवार भिंतीपर्यंत भरलं, ओंडक्यांच्या थप्प्या आमच्या छपरांपेक्षा उंच झाल्या, तरी गाड्या येतच आहेत. जो घर सोडून देईल त्याला नव्या वसाहतीत जागा मिळेल असं गिरणीने कळवलं. जागा घरमालकाला, त्याच्या बायकोला, मुलांना आणि आईला. चुलती कुटुंबात धरत नाहीत. मी नियम पुन्हा वाचायला लावला, तेवढाच निघाला.

मी आहे तोवर सही करणार नाही, हे गिरणीच्या माणसाला तोंडावर सांगितलं. तो सभ्य माणूस. म्हणाला, आजी, आम्हाला घाई नाही. त्याला माझी छाती ऐकू येत होती.

सबब, मी गेल्यावर धाकटी रस्त्यावर येऊ नये, एवढ्यासाठी हे मृत्युपत्र आहे. बाकीची कलमं हा भरणा समजावा.

घर मी माझ्या मुलाला देते. पण पलीकडच्या दोन खोल्या आणि नळाचा अर्धा हक्क धाकटीला ती जिवंत असेपर्यंत देते. तोवर मुलाने घर विकू नये, गिरणीला देऊ नये. वकीलबाई म्हणाल्या, ह्याने मुलगा बांधला जाईल, गिरणी बांधली जाणार नाही. वरून हुकूम काढून त्यांनी ओळ घेतली तर हा कागद दाखवून काही उपयोग नाही. मी विचारलं, मग काय करायचं? त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मी म्हटलं, तरी लिहा.

कलम २. मुलगा.

माझा मुलगा आवारात ओंडके उचलायची क्रेन चालवतो. हात इतका हलका की थप्पीवर ओंडका ठेवल्याचा आवाज येत नाही. तो वाईट नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं, एक शिवी देऊन मोकळी झाले असते. तो म्हणतो, आई, मी गिरणीतच खातो, गिरणीशी कसा भांडू? हेही खरं आहे. मी सही करत नाही म्हणून साहेब त्याला काही बोलत नाही, फक्त नवीन क्रेन दुसऱ्याला दिली.

त्याला मी घर देते आणि घराबरोबर हे ओझंही देते. चुलतीने त्याला लहानपणी कडेवर मिरवलेलं आहे. आमचं भांडण झाल्यावरही तो पलीकडे जाऊन जेवून यायचा, हे मला माहीत होतं. मी विचारायचे, भूक नाही का? तो म्हणायचा, नाही. दोघंही सोंग करायचो आणि पोर बाळसं धरत गेलं.

कलम ३. बाकीचं किडूकमिडूक.

बँकेत जे काही आहे ते सुनेला. तिने मला धुतलं-पुसलं आणि तोंड वाकडं केलं नाही. एकदा केलं होतं, पण त्या दिवशी माझंही चुकलं होतं. लोखंडी पेटी आणि तिच्यातल्या दोन न वापरलेल्या चादरी तिलाच. त्या पाहुण्यांसाठी ठेवू नयेत, आमच्याकडे येतो कोण.

मालकांची करवत मुलाला. तिचे दात गेले आहेत, पण मूठ त्यांनी स्वतः घासून केलेली आहे.

शिडी मी कुणालाही देत नाही, कारण ती कोपऱ्यावरच्या दुकानदाराने नेली आहे. छप्पर शाकारून झालं की आणून देतो म्हणाला होता. छप्पर झालं, ते पुन्हा गळायलाही लागलं. मुलाने जाऊन शिडी आणावी. दुकानदार विसरलो म्हणेल. तो तसं म्हणाला की मुलाने माझं नाव काढावं, म्हणजे त्याला आठवेल.

छातीला चोळायची निलगिरी तेलाची बाटली नर्सबाईंना परत करावी. जन्मभर त्याच झाडाच्या सालीत बसले, आणि आता त्याच वासाने बरं वाटेल म्हणतात. मला त्या वासाने फक्त काम आठवतं.

कलम ४. धाकटी.

हे कलम लांब होणार आहे. वकीलबाईंना मी उशी घ्यायला सांगितलं आहे.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी कामाचं सांगते. निलगिरी तोडली की तिची साल ओली असते. कोयत्याच्या टोकाने एक चीर दिली आणि बोटं घातली की सरसर उतरते. दुसऱ्या दिवशी तीच साल लाकडाला अशी चिकटते की नखं उलटी होतात. आणि साल असलेलं लाकूड गिरणी घेत नाही. लगद्यात साल गेली की कागदावर काळे ठिपके येतात. म्हणून आमच्या कामात एकच नियम होता. ज्या दिवशी तोडलं त्याच दिवशी सोललं पाहिजे, संध्याकाळची गाडी ते उचलते. न सोललेलं राहिलं तर गाडी हात लावत नाही. ते आडवं पडलेलं झाड तिथेच वाळतं, वाळवी लागते, आणि वर्षानुवर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येतं.

पुरुष तोडायचे, आम्ही बायका जोडीजोडीने सोलायचो. एक बुंध्याकडून, एक शेंड्याकडून, मधोमध भेटायचं. माझी जोड धाकटीशी होती. ती शेंड्याकडून यायची आणि मध्याच्या पुढे वीतभर माझ्या हद्दीत येऊन थांबायची. चिडवायला. मग आम्ही तिथेच बसून पाणी प्यायचो.

एका दुपारी माझ्या मालकांनी तोडलेलं झाड पडता पडता शेजारच्या झाडात अडकलं. ते सोडवायला मालक खाली गेले. झाड फिरलं आणि बुंधा त्यांच्या छातीवर आला. माणसांनी बुंधा उचलून त्यांना बाहेर ओढलं, ठेकेदाराच्या टेम्पोत घातलं, मी डोकं मांडीवर घेऊन बसले. दवाखान्यापर्यंत ते पोचले नाहीत. पण मी सांगते आहे ते त्याच्या आधीचं. टेम्पो वळणावर वळला तेव्हा मी मागे पाहिलं. बायका उभ्या होत्या, कुणी डोक्याला हात लावून, कुणी तोंडाला पदर लावून. आणि धाकटी त्या झाडावर बसून साल काढत होती. त्याच झाडाची.

मला वाटलं, हिला दिवसाची मजुरी सुटत नाही. हिचा थोरला दीर मरतो आहे आणि ही कोयता चालवते आहे. मी तिच्याशी बोलणं टाकलं. ती एकदा दाराशी आली, मी तोंडावर दार लावलं. ती पुन्हा आली नाही. हट्टाला तीही काही कमी नाही. कामावर मी दुसरी जोडीदारीण घेतली. पुढे गिरणीने साल काढायचं यंत्र आणलं, ओंडके त्याच्या मोठ्या ढोलात घुसळून निघायला लागले आणि आमचे कोयते घरी बसले. धाकटीला त्या ढोलापाशी साल झाडायचं काम मिळालं. त्या आवाजाने तिचे कान गेले. डावा पूर्ण, उजव्यात थोडंफार उरलं आहे.

बोलणं नसलं तरी पाणी होतं. नळाला पाणी केव्हा येईल ह्याचा नेम नाही, आणि धाकटीला नळाचा आवाज येत नाही. म्हणून पाणी आलं की मी फळ्यांच्या भिंतीवर थाप मारायची. फळी हादरली की तिला कळायचं, ती बादली घेऊन बाहेर यायची, मी माझी उचलून आत. एकमेकींकडे बघायचं नाही. मला ओळीतल्या बायका हसायच्या. मी म्हणायचे, भांडण माणसाशी आहे, तिच्या बादलीशी नाही.

आता ह्या महिन्यातलं. आमचा जुना मुकादम मला बघायला आला. तो मला बघायला आला होता की मी किती उरले ते बघायला, कोण जाणे. स्टुलावर बसला, गुडघ्यांबद्दल बोलला, मेलेल्यांची उजळणी केली. मग म्हणाला, धाकटी आता तुझ्याकडे बघत असेल ना. मी म्हटलं, तिचं नाव काढू नका, त्या दुपारी तुम्ही तिथेच होता. त्यावर तो जे म्हणाला ते जसंच्या तसं लिहवते.

"अगं, सगळं काम मीच थांबवलं होतं. त्या दिवसाची मजुरी कुणालाच नव्हती. तिला म्हटलं, बाई, ऊठ. तर म्हणाली, हे सोललं नाही तर गाडी नेणार नाही, वाटेतच पडून राहील. जाऊबाईंना उद्या ह्याच वाटेने कामाला यायचंय. दोन्ही टोकांनी तिने एकटीने सोललं."

मी त्याला विचारलं, हे इतकी वर्षं का सांगितलं नाही? तो म्हणाला, मला वाटलं तिने सांगितलं असेल. सगळ्या ओळीच्या सुनांच्या उचापती ह्या माणसाला पाठ, आणि नेमकी ही एक गोष्ट त्याने पोटात ठेवली. ह्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायची शिक्षा मी त्याला दिली आहे.

मी खरंच त्या वाटेने पुन्हा कामाला गेले होते. तेरावा दिवसही सरू न देता, कारण घरात पोर होतं. वाट मोकळी होती. ती मोकळी का आहे, असा विचार माझ्या मनात कधी आला नाही. जे तिथे नाही ते डोळ्यांत कसं भरणार? आणि कामाचा नियम तर मला पाठ होता. न सोललेलं झाड तिथेच पडून राहतं, हे मी नव्या बायकांना शिकवत होते.

मला फार वाईट वाटतं. वकीलबाई म्हणाल्या, हे वाक्य कलमात बसत नाही. मी म्हटलं, बसवा.

मुकादम गेल्यावर मी धाकटीला बोलावणं धाडलं. ती आली आणि उंबऱ्यावर उभी राहिली. मी तोंड उघडलं. तिला ऐकू जाईल एवढं ओरडायला माझ्यात दम नाही. ती जवळ आली, उजवा कान पुढे करून वाकली, आणखी वाकली, मी नुसती धापा टाकत राहिले. सून म्हणाली, मला सांगा, मी ओरडून सांगते. मी नको म्हटलं. फळ्यांची घरं आहेत, सगळ्या ओळीने ऐकलं असतं, आणि जिवंतपणी मला ते झेपलं नसतं. खुणेने सांगावं तर असल्या गोष्टीला खूण कुठली? धाकटी घरी गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. तिला वाटलं, मला तहान लागली आहे. मी ते सगळं प्यायले.

सबब, साल काढायचा माझा कोयता धाकटीला देते. आणि वरचं जे आहे ते तिला कळावं म्हणून पुढचं कलम.

कलम ५. वाचन.

धाकटीला वाचता येत नाही. मी गेल्यावर वकीलबाईंनी कलम एक आणि कलम चार तिच्या उजव्या कानात वाचून दाखवावं. डाव्यात वाचू नये, ती मान डोलावेल आणि आपल्याला वाटेल कळलं. मोठ्याने वाचावं. तेव्हा ओळीने ऐकलं तरी चालेल, मी ऐकायला नसेन.

कलम ६. पाणी.

माझी खाट भिंतीला लागून होती, म्हणून पडल्या पडल्याही मला थाप मारता येत होती. काल नर्सबाईंनी वारा लागावा म्हणून ती खिडकीशी हलवली. आता माझा हात भिंतीला पोचत नाही. माझ्यामागे पाणी आलं की सुनेने थाप मारावी. एकापाठोपाठ दोन, तळहाताने, फळीच्या मधोमध. मुठीने मारू नये. मुठीची थाप फक्त एकदा मारली होती, ओळीत आग लागली तेव्हा.

येणेप्रमाणे मृत्युपत्र पुरं झालं. धाकटीला मी साक्षीदार घालणार होते, पण जिला काही मिळतं तिची साक्ष चालत नाही म्हणतात. म्हणून खालचे दोघे. ह्याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही, आणि पुन्हा करायला वेळ नाही.

ताजा कलम. सह्या व्हायच्या आत हे घडलं म्हणून जोडून घेत आहे.

वकीलबाई वरचं सगळं वाचून दाखवत होत्या, तेवढ्यात नळाला पाणी आलं. सून नर्सबाईंच्या पिशवीची चेन ओवत बसली होती, तिच्या लक्षात आलं नाही. मी हात उचलला, तो अंथरुणावरच पडला. इतक्यात पलीकडून भिंतीवर थाप आली. एकापाठोपाठ दोन. आजवर थाप इकडून तिकडे जायची, तिकडून कधी आली नव्हती. धाकटी उंबऱ्यात बसून नळाकडे बघत असणार, पाणी आलेलं तिने डोळ्यांनी पाहिलं आणि इकडून काही नाही. सुनेने धावत जाऊन दोन थापा मारल्या. धाकटीला ऐकू येत नाही, पण माझा हात कुठला आणि दुसऱ्याचा कुठला हे तिला फळीवरून कळतं. तिकडून पुन्हा आली. ह्या वेळी मुठीने.

मी सुनेला म्हटलं, तिला घेऊन ये. वकीलबाईंना म्हटलं, कलम एक आणि चार आत्ताच वाचा. त्या म्हणाल्या, मृत्युपत्र नंतर वाचतात. मी म्हटलं, नंतर मला काय उपयोग?

धाकटी आली, खाटेच्या कडेला बसली, उजवा कान पुढे केला. वकीलबाईंनी वाचलं. त्यांना इतकं ओरडायची सवय नाही, मध्ये दोनदा पाणी प्यावं लागलं. सगळ्या ओळीने ऐकलं, दुकानदारासकट. झाडाचं आलं तेव्हा धाकटी माझ्याकडे न बघता माझी चादर सारखी करत होती. वाचून संपल्यावर ती बोलली. दुसऱ्याला काय ऐकू जातं हे तिला कळत नाही, म्हणून फार हळू.

"खोल्या घेऊन काय करू, जाऊबाई? पोरं भाड्याने का होईना, वसाहतीत जातील. मग थाप कोण मारणार?"

मी वकीलबाईंकडे पाहिलं. घर विकू नये म्हणून मुलाला मी बांधलं आहे, पण त्याला किंवा सुनेला थाप मारायला भिंतीशी बसवता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. ह्याला कलम सुचत असेल तर घाला म्हटलं. त्यांना सुचलं नाही.

तेव्हा हे असंच सोडून सही करते. धाकटी अजून खाटेवर बसली आहे, माझा हात तिच्या हातात आहे, बाहेर नळ वाहतो आहे, आणि बादली लावायला कुणी उठत नाही.

सही: मोठी (नाव वर दिल्याप्रमाणे. अक्षर वाकडं आहे, पण माझंच.)

साक्षीदार १: मुकादम, गिरणीच्या लाकूडतोडीवरचा, आता घरी.

साक्षीदार २: नर्स, ओळीच्या टोकाचा दवाखाना. वरील बाई सही करताना पूर्ण शुद्धीवर होत्या.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली, खिडकीशी.

दिनांक: वर वकीलबाईंनी घातलेला. वार सोमवार, पाणी आलेलं असताना.